मार्गशीर्षातला गुरुवार, मुक्काम नारिता

जपानमार्गे अमेरिकेला चाललोय म्हटल्यावर सोसायटीतल्या प्रत्येकानं एकच विचारलं, "मग टोकियो करणार ना?" परत आल्यावरही तेच. तर आम्ही टोकियो केलं नाही. सकाळी नारिताला उतरून संध्याकाळचं विमान पकडायचं असेल आणि बरोबर सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी आई असेल, तर तुम्हीही करू नका, हे मी छातीठोकपणे सांगते.

या विमानतळाचं अधिकृत नाव २००४ पर्यंत 'नवं टोकियो आंतरराष्ट्रीय विमानतळ' असं होतं. त्यामुळे तो टोकियोतच आहे असं पुष्कळांना अजून वाटतं. प्रत्यक्षात तो चिबा प्रांतात आहे, टोकियोपासून साठ किलोमीटरच्या पुढे. म्हणजे टिटवाळ्याला उतरून "जरा गेटवे बघून येऊ" म्हणण्यातला प्रकार. स्कायलायनर नावाची झक्क गाडी आहे, चाळीसेक मिनिटांत टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला नेते, मान्य. पण इमिग्रेशनचा तास, स्टेशनांतले जिने, गाडी बदलणं, आणि सुटण्याआधी दोन-अडीच तास परत हजर राहणं हे सगळं वजा केलं तर हातात उरतो एका देवळासमोरचा फोटो. तुमचं विमान हानेदाला उतरत असेल तर गोष्ट वेगळी. तो विमानतळ शहरातच आहे, तिथून अर्ध्या तासात गावात पोचता येतं.

उलट नारिता हे गाव विमानतळापासून केईसेई किंवा जेआर या रेल्वे कंपन्यांच्या साध्या गाडीनं दहा-बारा मिनिटांवर. भाडं तीनशे येनच्या आत. गावात हजार वर्षांहून जुनं देऊळ, देवळाकडे जाणारा जुना रस्ता, मागे बाग. दिवस भरायला एवढं पुरतं.

आता आधी कागदपत्रं. मी न्हावा शेवाला सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात काम करते. एक कागद कमी पडला की कंटेनर यार्डात बसतो आणि पार्टीला डेमरेज, म्हणजे दिरंगाईचा दंड, लागतं, हे रोज बघते. त्यामुळे 'तिकडे गेल्यावर बघू' हे वाक्य मला सहन होत नाही. विमानतळाच्या आतच बसून राहणार असाल आणि सामान थेट पुढे टॅग झालं असेल, तर भारतीय पासपोर्टला जपानचा व्हिसा लागत नाही. बाहेर पाऊल टाकायचं तर लागतो. 'शोअर पास' नावाची एक सोय आहे, तिथल्या तिथे थोड्या वेळापुरतं बाहेर सोडतात, पण ते सर्वस्वी समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आईला घेऊन मी मर्जीवर जात नाही. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, तोच आम्ही काढला. त्यातली मेख अशी, की हा व्हिसा इंटरनेट चालू असलेल्या फोनवर प्रत्यक्ष उघडून दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. मी अर्थातच तीन प्रिंटा काढून नेल्या होत्या. त्या फाइलमधून बाहेरही आल्या नाहीत. विमानतळावर फुकट वायफाय आहे, काम होतं. आणि 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी साइटवर आधीच माहिती भरून क्यूआर कोड घेऊन ठेवा, रांगेत उभ्यानं फॉर्म भरावे लागत नाहीत.

दुसरी चौकशी सामानाची. आमच्या मोठ्या बॅगांत बहिणीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, आणि सगळ्यात तळाला, सात पिशव्यांत गुंडाळलेली सुकट. "जपानात उघडली तर?" हा आईचा घोर मुंबईच्या काउंटरवर मिटला. एकच तिकीट असल्यामुळे बॅगा थेट सॅन फ्रान्सिस्कोला. हातातली एक जड पिशवी नारिताला कॉइन लॉकरमध्ये टाकली आणि आम्ही मोकळ्या झालो.

एक गोष्ट राहिली. आम्ही उतरलो तो दिवस २७ नोव्हेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार.

तिकिटं स्वस्त मिळाली तेव्हा पंचांग कुणी बघितलं नव्हतं. आईचा महालक्ष्मीचा गुरुवार लग्न झाल्यापासून चुकलेला नाही. घट घरी वहिनी मांडणार, उपवास मात्र आईचा आई करणार, हा तोडगा निघाला. पोथी पर्समध्ये, राजगिऱ्याच्या वड्या पिशवीत. विमानातल्या जेवणाचं झाकण तिनं उघडूनही बघितलं नाही. मला घोर लागला की दिवसभर ही बाई खाणार काय. जपानात शाकाहारी माणसाचेच हाल. साध्या भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. त्यात उपवास म्हणजे आनंदच.

आणि इथे चिबा प्रांतानं मला खोटं पाडलं. गाडीतून उतरून देवळाच्या रस्त्याला लागलो तर एका दुकानात टरफलासकट भाजलेल्या शेंगांचे ढीग. पुढच्या दुकानात उकडलेल्या शेंगांची पाकिटं. त्याच्या पुढे गरम दगडांवर भाजलेली रताळी, साल जरा करपलेली, आत पिवळाधमक मऊ गर, त्यातून पाकासारखा चीक सुटलेला. जपानातल्या एकूण भुईमुगापैकी जवळजवळ ८० टक्के पीक एकट्या चिबात निघतं. रताळ्यांतही हा प्रांत देशात वरच्या नंबरात आहे. मला हे ऑफिसच्या कामामुळे कुठेतरी वाचलेलं अंधुक आठवत होतं, पण त्याचा अर्थ आपल्या आईच्या उपवासाशी लागेल हे डोक्यात आलं नव्हतं. आईनं रताळं दोन हातांत धरून फुंकर मारत अर्धं संपवलं आणि म्हणाली, "देवीचा मुलूख दिसतोय." त्यानंतर दिवसभर खाण्याबद्दल तक्रार नाही. कोटाच्या खिशात शेंगा, आणि टरफलं दुसऱ्या खिशात, कारण रस्त्यावर कचऱ्याचा डबा नावालाही नाही.

रस्त्याचं नाव ओमोतेसांदो. स्टेशनपासून देवळापर्यंत जेमतेम पाऊण-एक किलोमीटर. लाकडी दुमजली घरं, लोणच्याची दुकानं, औषधाची जुनी दुकानं, 'योकान' म्हणजे लाल अझुकीच्या डाळीच्या गोड वड्या विकणारी दुकानं. रस्ता देवळाकडे उताराचा आहे, म्हणजे येताना चढ. म्हातारं माणूस बरोबर असेल तर परतीला दुप्पट वेळ धरा.

मध्यावर वामची दुकानं लागतात. नारिताला येणारे जपानी लोक देवाइतकेच वाम खायला येतात. 'कावातोयो' हे १९१० पासूनचं दुकान, कामाची जागा अगदी रस्त्याला लागून. आम्ही आगरी, मासा कापताना बघत उभं राहायचा आम्हाला कंटाळा नाही. बादलीतून जिवंत वाम निघतो, ओल्या लाकडी फळीवर आडवा पडतो, डोक्यापाशी एक टोकदार खिळा टक्कन बसतो. मग आखूड, जाड पात्याची सुरी मानेमागून आत शिरते आणि पाठीवरून शेपटापर्यंत एका ओढीत जाते. पोट फाडत नाहीत. सामुरायांच्या मुलखात पोट फाडणं अशुभ, म्हणून पाठीकडून, असं सांगतात. काटा सलग पट्टीसारखा निघून येतो, शेजारचा माणूस तुकड्यांत बांबूच्या काड्या ओवतो, पुढे वाफवणं आणि कोळशावर सॉस लावून भाजणं. आईनं सात-आठ वाम होईपर्यंत पापणी हलवली नाही. तिच्या आयुष्यात तिनं कापले ते खाडीचे वाम, तेही विळीवर, हा गोड्या पाण्यातला. शेवटी निकाल दिला, "हात बसलाय पोराचा. राख लावत नाही तरी निसटत नाही त्याच्या हातून." त्या पोराचं वय साठच्या आसपास असेल.

मी खाल्ला नाही. भातावर वाम ठेवलेला डबा तीन-चार हजार येनच्या पुढे जातो, तेही चाललं असतं, पण उपाशी आईला समोर बसवून मार्गशीर्षाच्या गुरुवारी वाम खायची माझी हिंमत नाही. तुमच्यावर असं बंधन नसेल तर नंबर लावा, गर्दी असते. मी त्यावर भुरभुरवतात त्या सान्शो मसाल्याची छोटी बाटली घेतली. झाकण उघडून वास घेतला तर थेट मालवणी बांगड्यातलं तिरफळ. दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत.

देऊळ म्हणजे नारितासान शिन्शोजी. स्थापना इसवी सन ९४० ची. देव फुदो म्योओ, म्हणजे आपल्याकडून बौद्ध तंत्रमार्गानं चीनमार्गे तिकडे गेलेला अचल. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पाश, पाठीमागे ज्वाळा, चेहरा रागीट. आईनं त्याला पाहताक्षणी खंडोबाच्या घरात बसवलं. दगडी पायऱ्या बऱ्याच आहेत आणि उंचही. मधे तळं आहे, त्यात कासवं, तिथे बसून दम घेतला. वर १७१२ सालचा तीन मजली पॅगोडा आहे, त्याच्या छताखालचं रंगीत लाकूडकाम मान मोडेपर्यंत बघत राहावं असं.

पण इथे यायचं ते गोमासाठी. दिवसातून काही ठरावीक वेळा मुख्य देवळात होम होतो. आम्हाला अकराचा मिळाला. प्रवेश फुकट. चपला काढायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवायच्या, चटयांवर बसायचं, फोटो काढायचे नाहीत. रंगीत वस्त्रांतले पुजारी रांगेनं आले, मोठा ढोल असा वाजला की बसलेल्या चटईला हादरा जाणवला. मग समिधा रचल्या, आग हळूहळू माणसाच्या उंचीवर गेली आणि सगळे एका सुरात मंत्र म्हणायला लागले. मूळ संस्कृत, पण जपानी तोंडात इतका घोळलेला की शब्द सापडत नव्हता. आईनं शब्द शोधलाच नाही. होम चालू आहे, आपण बसलोय, एवढं तिला पुरलं. मीच सारखी घड्याळ बघत होते. नेरुळला तेव्हा साडेसात वाजले असणार, वहिनी घट मांडत असणार.

शेवटी लोक उठून पुढे जायला लागले आणि आपापल्या पर्स, बॅगा पुजाऱ्यांच्या हातात द्यायला लागले. पुजारी ती वस्तू आगीच्या धगीवर धरून परत देत होते. काय चाललंय हे मला कळेपर्यंत आई रांगेत. तिनं पर्स काढून दिली. त्या पर्समध्ये दोघींचे पासपोर्ट, बोर्डिंग पास, लॉकरची पावती आणि महालक्ष्मीची पोथी. ती पर्स ज्वाळेकडे झुकली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भारतीय दूतावासातली रांग उभी राहिली. दोन सेकंदांत पर्स परत आली, कोमट. आईचं समाधान असं की पासपोर्टचीही पूजा झाली. परत चपला घालताना ती पर्स मी माझ्या गळ्यात अडकवली.

देवळामागे मोठी बाग आहे, नोव्हेंबरअखेर तिथे मेपलची पानं लालभडक. त्या बागेतल्या बाकावर आईनं सकाळपासून मनात धरलेला प्रश्न विचारला. विमान उतरताना खिडकीतून शेतं, झाडी आणि मधेच सिमेंट, हे तिनं बघितलं होतं. "गावं कुठं गेली गो इथली?"

हा प्रश्न तिचा असणं साहजिक आहे. तिचं माहेर कोंबडभुजे. उलवे, चिंचपाडा, कोल्ही, तरघर अशी जी दहा गावं-पाडे नवी मुंबई विमानतळासाठी उठली, त्यातलं एक. उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, हे तिनं चालू असताना बघितलंय. आम्ही निघालो तेव्हा त्या विमानतळाचं उद्घाटन होऊन दीडेक महिना झाला होता, पण विमानं उडायला २५ डिसेंबर उजाडणार होता. म्हणून घराशेजारचा विमानतळ सोडून, चेंबूरच्या ट्रॅफिकमध्ये बसून सहारला जावं लागलं. वाशीच्या पुलावर ती म्हणाली होती, "माझ्या मामाच्या खळ्यावरून उडालो असतो."

नारिताची गोष्ट मला थोडी माहीत होती, ती सांगितली. १९६६ साली सरकारनं सानरिझुका भागात विमानतळ करायचं ठरवलं, शेतकऱ्यांना न विचारता. बरीच जमीन राजघराण्याच्या कुरणाची होती, बाकीची शेतकऱ्यांची. त्यातले कितीतरी जण महायुद्धानंतर तिथे येऊन माळरान फोडून शेती करायला लागलेले. त्यांनी संघटना बांधली, विद्यार्थी येऊन मिळाले. म्हाताऱ्या बायकांनी स्वतःला झाडांना बांधून घेतलं. १९७१ च्या जबरदस्तीच्या भूसंपादनात तीन पोलीस मेले. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाला चार दिवस असताना आंदोलक कंट्रोल टॉवरमध्ये घुसले, यंत्रं फोडली, आणि उद्घाटन मे महिन्यावर गेलं. दुसरी धावपट्टी सुरू व्हायला २००२ उजाडलं, तीसुद्धा ठरल्यापेक्षा आखूड, कारण जमीन मिळाली नाही. विमानतळात शिरताना सगळ्यांची ओळखपत्रं तपासायची पद्धत २०१५ पर्यंत चालू होती.

आई मधे मधे हुं म्हणत होती. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धचं जासईचं १९८४ चं आंदोलन आमच्या घरात ऐकीव गोष्ट नाही. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे गेलेल्या माणसांत माझे वडील होते, आणि त्या दोन दिवसांत पाच शेतकरी गेले तेव्हा आई घरी मला मांडीवर घेऊन वाट बघत होती. साडेबारा टक्के, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळायचा विकसित जमिनीचा वाटा, हा आकडा आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी कळतो.

"मग गावदेवी कुठं नेली त्यांनी?"

हे मला माहीत होतं, कसं कोण जाणे. तोहो नावाच्या वाडीचं छोटं देऊळ अजून तिथेच आहे, विमानतळाच्या हद्दीत, चारी बाजूंनी उंच पत्र्याच्या भिंती आणि मधून एक चिंचोळी वाट. विमानं डोक्यावरून जातात. आई बराच वेळ शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, "नेली नाही म्हणजे बरं केलं," आणि लगेच दुसरं वाक्य, "पण दिवा लावायला जात असतील ना कुणी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विमानतळाशेजारी शिबायामात या सगळ्या संघर्षाचं एक संग्रहालय आहे, २०११ मध्ये उघडलेलं, विमानांच्या म्युझियमला लागून. आम्हाला वेळ नव्हता. तुम्ही नवी मुंबईचे असाल तर देऊळ थोडक्यात आटपून तिथे जा.

अडीच वाजता चढ चढायला सुरुवात केली. तीन वेळा बसलो. गाडी, लॉकर, सिक्युरिटी यांत सांगण्यासारखं काही नाही, सगळं वेळेत झालं. पैसे ज्यांना हवेत त्यांच्यासाठी: गाडीभाडं, लॉकर, शेंगा-रताळी, माझी दोन ओनिगिरी (आत सारण भरलेले भाताचे गोळे) आणि सान्शोची बाटली धरून दोघींचे मिळून पाच हजार येनच्या आत भागलं. ओनिगिरी घेताना आंबट आलुबुखाराचं, म्हणजे उमेबोशीचं, मागा. बाकी बहुतेकांत मासा असतो. थांबा रात्रीचा असेल तर टर्मिनल दोनच्या पार्किंगच्या इमारतीत कॅप्सूल हॉटेल आहे, आणि पैसे देऊन अंघोळीची सोय टर्मिनलमध्येही आहे. आईला अंघोळीचा आग्रह करून पाहिला. परक्या ठिकाणी केस सोडणार नाही म्हणाली.

गेटवर पोचलो तर साडेचारला बाहेर काळोख. नोव्हेंबरअखेर तिथे सूर्य इतका लवकर जातो. आईनं काचेतून दोनदा खात्री केली. "मावळला ना?" मावळला होता. मग पर्समधून, म्हणजे माझ्या गळ्यातून, पोथी निघाली, कहाणी वाचून झाली, आणि डब्यातल्या पुरणपोळीवर उपवास सुटला. तूप चेक-इन बॅगेत गेल्यामुळे पोळी कोरडीच. हे सगळं वहिनीला व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो तर ती ओरडली, "अहो आई, इथं दुपारचा एक वाजलाय, मी अजून उपाशी आहे!" आई तोंडातला घास संपवून म्हणाली, "मग इकडं ये."

खरा पेच पुढेच होता. गुरुवारी संध्याकाळी नारिताहून निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला गुरुवारीच सकाळी उतरतं. मधे तारखेची रेषा आहे. त्या दिवशी तिकडे थँक्सगिव्हिंगची सुट्टी, त्यामुळे जावई स्वतः न्यायला आले. घरी बहिणीनं आईसाठी साबुदाणा भिजवून ठेवलेला, कारण कॅलेंडरवर गुरुवार.

"माझा गुरुवार झाला," आई म्हणाली.

"आई, आज गुरुवारच आहे."

"असेल. सूर्य मावळलेला मी डोळ्यांनी बघितलाय. एका आठवड्यात दोन गुरुवार करायला देवीनं सांगितलेलं नाही."

बहीण माझ्याकडे बघायला लागली. मी तारखेची रेषा समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही. "बरं, मग वरणभात लावू?" तिनं विचारलं. आईनं खिचडीच्या कढईवरचं झाकण उचलून वास घेतला, दाण्याचं कूट पुरेसं आहे का ते बघितलं आणि ताट ओढलं. "लाव संध्याकाळी. खिचडी काय उपवासालाच खातात असं थोडंच आहे?"